तुम्ही विचारलंत म्हणून : भाड्याचं जुनं घर विकताना

कोल्हापुरात राजारामपुरी असो की मंगळवार पेठ, माझ्याकडे येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: "वडिलांनी बांधलेलं घर, वर्षानुवर्षं भाड्यानं दिलंय. आता काढायचं म्हणतोय. टॅक्स किती बसतोय?"

मी आधी विचारतो, 1 एप्रिल 2001 ला घराची किंमत काय होती? कर विक्रीच्या रकमेवर नाही, नफ्यावर लागतो. घर 2001 च्या आधीचं असेल, तर वडिलांच्या मूळ खर्चाऐवजी त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो; फक्त तो त्या दिवसाच्या, मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त नको. नोंदणीकृत व्हॅल्युअरचा, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्याचा, रिपोर्ट घ्याच. त्याच्या फीकडे बघू नका.

का, ते बघा. समजा 2025-26 मध्ये घर 80 लाखांना गेलं. 2001 ची किंमत 12 लाख निघाली, तर साडेबारा टक्क्यांनी कर साडेआठ लाख. पण 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला निवासी भारतीयाला महागाई निर्देशांकाचा जुना हिशेबही करता येतो, म्हणजे 2001 ची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरता येते: 12 लाखांचे 45.12 लाख होतात, उरलेल्यावर 20 टक्के म्हणजे साधारण 6.98 लाख. तीच किंमत 5 लाख निघाली, तर उलट साडेबारा टक्केच परवडतात. सेस (करावरचा उपकर) आणि लागू असेल तर अधिभार (मोठ्या उत्पन्नावरचा जादा कर) वेगळा. दोन्ही हिशेब कागदावर मांडल्याशिवाय मी कुणालाच आकडा सांगत नाही.

रंगरंगोटी खर्चात धरत नाहीत, पण नंतर चढवलेला मजला धरतात. एका काकूंनी बिस्किटांच्या डब्यातून 2009 ची सिमेंट-सळईची बिलं काढून दिली, वर महापालिकेचा बांधकाम परवाना. असा डबा प्रत्येक घरात असावा असं मला मनापासून वाटतं.

भाड्यानं दिलेल्या घराला सवलत नाही, हा समज चुकीचा आहे. नफ्यातून दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर करमाफी मिळते. घर नको असेल, तर सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांचे रोखे, 50 लाखांपर्यंत. पैसे पाच वर्षं अडकतात.

"थोडे रोखीत घेऊ" म्हणणाऱ्याला मात्र तिथंच थांबवा. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड बसू शकतो.

नवं घर घ्यायचंय पण रिटर्नच्या मुदतीपर्यंत मिळालं नाही, तर पैसे त्याआधी बँकेतल्या कॅपिटल गेन खात्यात, म्हणजे अशा नफ्यासाठीच्या खास खात्यात, भरा. साधी एफडी चालत नाही. आणि हे सगळं विचारायला साठेखताच्या, म्हणजे विक्रीच्या कराराच्या, आधी या.