शेजारचा डेक आणि कुत्र्यांचं केनेल

आज संध्याकाळी आमच्या टाउनशिपच्या झोनिंग बोर्डाच्या (जागेच्या वापराच्या आणि बांधकामाच्या नियमांतून सूट द्यायची का हे ठरवणाऱ्या मंडळाच्या) सुनावणीला गेले होते. न्यू जर्सीत घर घेतलेल्या प्रत्येकाने एकदा तरी जाऊन बसावं असं मनापासून वाटतं.

शेजारच्या काकांचा डेक (घराला जोडलेला उघडा ओटा) मागच्या हद्दीला जरा जास्तच जवळ येत होता, म्हणून त्यांचा व्हेरिअन्सचा, म्हणजे नियमातून सूट मिळण्याचा, अर्ज. काका काकूंच्या गुडघ्यांबद्दल सांगू लागले, तर अध्यक्षांनी अगदी सौम्यपणे थांबवलं: जमिनीची अडचण सांगा. प्लॉट निमुळता आहे, मागे उतार आहे, हे नकाशावर दाखवल्यावर मंजुरी मिळाली. काकूंचा चेहरा काय खुलला!

दुसरा अर्ज केनेलचा, म्हणजे कुत्री सांभाळायच्या व्यवसायाचा. ते प्रकरण मात्र अवघड. राहत्या वस्तीत असा व्यवसाय करायचा तर सातपैकी पाच मतं लागतात, साधं बहुमत चालत नाही. 200 फुटांच्या आतल्या घरमालकांना किमान 10 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे बरेच शेजारी आले होते. रात्रपाळी करणारी एक नर्स शपथ घेऊन उभी राहिली. दिवसा झोपते ती, खिडकी कुंपणाकडे. अर्जदार बाईसुद्धा तळमळीने बोलल्या, कुत्र्यांवर जीव आहे त्यांचा. तरी मला नर्सचंच म्हणणं पटलं. झोप ही काही चैन नाही.

बोर्डाने आवाजाचा अहवाल मागवून निर्णय पुढे ढकलला. पुढच्या तारखेला मी जाणार आहे. आपल्यापैकी कोणी येणार असेल तर सांगा, गाडीत जागा आहे.