आमची वाटचाल : वळणावर स्थिर, खड्ड्यांतही सुखकर

आम्ही गाड्यांच्या सस्पेन्शनचे, म्हणजे गाडीचे वजन पेलणाऱ्या आणि धक्के शोषणाऱ्या यंत्रणेचे, काम करतो. आमच्या व्यवसायाची सुरुवात चाकांच्या अलाइनमेंटपासून, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्यापासून झाली. हे काम करणाऱ्याला गाडीच्या पोटाखालचे सगळे दिसते, आणि आम्हाला तेथे जे दिसत गेले त्यावरच पुढचा व्यवसाय उभा राहिला. वळणावर गाडी कलते, वेगात तरंगते, तेव्हा काहीतरी कडक बसवून द्या, अशी मागणी घेऊन येणाऱ्यांची गाडी लिफ्टवर चढवली, की बहुतेक वेळा लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) सांध्यांतल्या बुशांचे रबर चिरलेले, लिंक रॉडचे सांधे खिळखिळे झालेले आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ आलेले असत. अशा गाडीला कडक स्प्रिंग बसवली तर ढिलेपणा तसाच राहतो आणि वर धक्क्यांची भर पडते. म्हणून रोजच्या वापरातल्या गाडीचे मूळ सस्पेन्शन आधी धडधाकट करायचे आणि मगच सुधारणेचे बोलायचे, हा क्रम आम्ही ठरवला.

त्यातही बुश बसवण्याच्या कामाने आमच्यावरचा विश्वास वाढवला. चाके लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट पक्के आवळले, तर गाडी जमिनीवर येताच बुशाच्या रबराला कायमचा पीळ बसतो, सस्पेन्शन जड चालते आणि नवा बुश लवकर फाटतो. आमच्याकडे बोल्ट आधी नुसते लावले जातात, चाकांवर गाडीचे पूर्ण वजन येऊ दिले जाते, गाडी दाबून-हलवून आपल्या उंचीवर बसवली जाते आणि त्यानंतरच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळण्याचा पाना) हाती घेतला जातो. एवढ्यानेच काही ग्राहकांचे समाधान होते आणि पुढचे काही करावे लागत नाही, याचा आम्हाला आनंदच वाटतो.

पुढे सुधारणांची कामे येऊ लागली, तेव्हा आम्ही सर्वाधिक अभ्यास शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा केला. स्प्रिंग वजन पेलते, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्या वजनाची हालचाल आवरतो. आरामदायी गाडीची बॉडी स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण 1 ते 1.5 वेळा खाली-वर होते. शिवाय पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा थोड्या मऊ ठेवल्यास गाडीचे पुढे-मागे डुलणे लवकर शमते, हे अभियंता मॉरिस ऑली यांनी 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिले होते. हा तोल बिघडू नये म्हणून आम्ही स्प्रिंगांना शक्यतो हात लावत नाही. गाडी वळणावर कलताना शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा पिस्टन संथ सरकतो आणि खड्ड्यात तो झपाट्याने धावतो. तेव्हा संथ गतीला थोडा अधिक विरोध करणारा, पण झपाट्याच्या वेळी तेलाला मोकळी वाट देणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर निवडला, तर ताबा वाढूनही पाठीला धक्का बसत नाही.

त्यानंतर अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूच्या सस्पेन्शनला जोडणारा दांडा. दोन्ही चाके एकदम उचलली जातात तेव्हा, म्हणजे सरळ गतिरोधकावर, हा बार नुसता फिरतो. वळणावर एक बाजू दबली की तो पिळला जातो आणि कल रोखतो. मात्र त्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे 20 मिलिमीटरऐवजी 22 मिलिमीटरचा भरीव बार बसवला तर तो सुमारे 46 टक्क्यांनी ताठ होतो. एकाच बाजूच्या चाकाखाली खड्डा आला, की हाच ताठपणा गाडीला आडवी हलवतो. मागचा बार प्रमाणाबाहेर जाड केला तर ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग घसरू शकतो, म्हणून येथे आम्ही फार जपून पुढे जातो.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याचे काम आम्ही घेत नाही. मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच खांबात असणाऱ्या गाडीत उंची कमी केली की रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्याभोवती कलते तो बिंदू, गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्यापेक्षा अधिक खाली जातो; त्यामुळे या दोहोंमधले अंतर, म्हणजे गाडी कलवणारी तरफ, उलट लांबते. शिवाय चाकाला वर जायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपवर (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरावर) दणका बसतो. मोठे अलॉय व्हील आणि बुटका टायर यांऐवजी मूळ मापातला चांगला टायर व योग्य हवा, हाच आमचा सल्ला असतो.

आता प्रत्येक कामाच्या शेवटी गाडी मालक चालवतात आणि आमच्यापैकी एक जण मागच्या सीटवर बसतो. वळणावरचा ताबा चालकाला कळतो, पण मागच्या चाकांचा धक्का तेथेच नेमका जाणवतो. मागे बसलेल्याला गाडी आडवी हलल्याचे जाणवले, तर मूळ जाडीचा बार परत चढवूनच गाडी ताब्यात दिली जाते.