पडवीतला लालडोळ्या: माझी ओळख चुकली होती

पडवीतल्या दिव्यावर धडका देणाऱ्या त्या जाडजूड तपकिरी पाहुण्याला मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे पतंग म्हटलं होतं. ते मागे घेते.

येतो रोज पावणेसातच्या सुमारास. फोटोत डोळे लालभडक, ते मी फ्लॅशवर ढकललं. मिशा (स्पर्शिका) एकाही फोटोत धड आल्या नाहीत. ऑनलाइन मागवलेली क्लिपची लेन्स मधोमध बरी, कडेला सगळं पुसट. थोडं थांबा, पण चांगली मॅक्रोच घ्या.

मंगळवारी पालीने त्याला धरलं. पायरीवर उरले नुसते पंख. वाईट वाटलं, पण पंख हाती लागले होते. दहापट भिंगाखाली मागच्या पंखाचं मूळ पाहिलं, तर फ्रेनुलम, म्हणजे बहुतेक पतंगांत मागचा पंख पुढच्याला जोडणारे राठ केस, नाही. जपून ठेवलेला ओलिएंडर हॉकमॉथ या पतंगाच्या नराचा पंख शेजारी ठेवला. त्याच्या मुळाशी एकच राठ केस, पुढच्या पंखाच्या कडीत अडकणारा. इथे तसलं काहीच नाही. तरी निकाल देता येईना, कारण ॲटलास मॉथ या पतंगालाही फ्रेनुलम नसतो. पतंग की फुलपाखरू हे ठरवायला मिशा हव्याच होत्या आणि नेमक्या त्याच गेल्या होत्या.

उत्तर घरातच होतं. परसातल्या माडाच्या रोपावर पात्याच्या सुरळीत सापडलेली अळी मी वेगळं प्रकरण समजून पाळत होते. अंगभर लांब पांढरे मेणाचे धागे, बोट लावलं की बोटाला चिकटणारे. परवा पहाटे तिच्या कोषातून फुलपाखरू बाहेर आलं. पंख वाळत होते तोवर मिशा मनसोक्त पाहिल्या: टोकाजवळ गाठ, गाठीपुढे निमुळतं टोक आकड्यासारखं वळलेलं. स्किपर, म्हणजे आकडेदार मिशांच्या फुलपाखरांचं कुळ! डोळे फ्लॅशशिवायही लालच. पुढच्या पंखावरचे पिवळसर पारदर्शक ठिपके पायरीवरच्या पंखांशी तंतोतंत जुळले. जायंट रेडआय, गँगारा थिर्सिस. त्या सकाळी चहा दोनदा गार झाला.

दिवेलागणीला त्याला माडाखाली सोडलं. सरळ वर गेलं.

आता अमावास्येला आंबोलीत पतंग बघायला दिव्यासमोर पांढरा पडदा लावायचा बेत होता, तो आहेच. पण लिहिता लिहिता सुचतंय, आपण पडदा आठनंतर लावतो. तोवर ही संध्याकाळची मंडळी उडून गेलेली असणार. म्हणजे आंबोली नंतर, आधी आठवडाभर साडेसहापासून परसातच बसते. आणि उद्या सकाळी शेजारच्या सुपारीच्या रोपांवर सुरळ्या आहेत का, ते बघून येते.