चौथ्या गीअरमधली परीक्षा

रविवार, सायंकाळ

शेजारच्या निवृत्त गृहस्थांची १९६५ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आज मला चालवायला मिळाली, आणि तीही नुसती फिरवून आणण्यासाठी नव्हे. हिवाळ्यात त्यांनी दोन्ही एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग) उघडून, साफ करून पुन्हा बसवले आहेत. त्यानंतर गाडीचा पिकअप पूर्वीसारखा राहिला आहे की नाही, हे त्यांना परक्या हाताखाली पाहायचे होते. आम्ही इंग्लंडमधल्या वाँटिजमध्ये राहतो, आणि १९८० च्या ऑक्टोबरपर्यंत जिथे या गाड्या तयार होत असत तो ॲबिंग्डनचा कारखाना इथून जेमतेम दहा मैलांवर होता, त्यामुळे ही गाडी आपल्या माहेरच्याच रस्त्यांवर परीक्षेला उतरत होती असे म्हणायला हरकत नाही.

कागदावरचे आकडे सर्वांना पाठ असतात: १७९८ सीसी, मिनिटाला ५४०० फेऱ्यांवर ९५ अश्वशक्ती, शून्यापासून ताशी ६० मैलांपर्यंत सुमारे १२ सेकंद, आणि कमाल वेग शंभर मैलांच्या थोडा वर. आज शाळेत मुले सोडणारी साधी हॅचबॅकही यापेक्षा चपळ असते. शिवाय हे आकडे ज्या रीतीने काढले जात ती रीत मला रस्त्यावर वापरायची नव्हती. त्या काळची मोटार नियतकालिके कारखान्याकडून गाडी मागवून घेत, ननीटनजवळच्या ‘मिरा’ या मोटार संशोधन संस्थेच्या बंद धावपट्टीवर तिच्या मागे वेग मोजण्यासाठी सायकलच्या चाकासारखे पाचवे चाक जोडत, आणि क्लच निर्दयपणे सोडून वेळ मोजत. कारखानेही काही भोळे नव्हते. १९६१ मध्ये जग्वार ई-टाइपने ताशी १५० मैल गाठले ते खास तयारी केलेल्या गाडीवर, हे आता उघड गुपित आहे. दुसऱ्याच्या साठ वर्षांच्या गाडीचा क्लच आणि मागच्या ॲक्सलचे हाफ-शाफ्ट (चाकांना फिरवणारे दांडे) पणाला लावून १२ सेकंदांशी स्पर्धा करण्यात मला पुरुषार्थ वाटत नाही.

म्हणून आम्ही परीक्षा ठरवली ती चौथ्या गीअरची: ताशी ३० मैलांवर (म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरवर) स्थिर चालवायचे, गीअर न बदलता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि ५० मैलांपर्यंतचा वेळ मोजायचा. या गाडीत चौथ्या गीअरला दर १००० फेऱ्यांमागे सुमारे १८ मैलांचा वेग मिळतो, म्हणजे ३० मैलांवर इंजिन जेमतेम १७०० फेऱ्यांवर असते, तर त्याचा सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३००० च्या आसपास येतो. मधल्या या पट्ट्यातच कार्ब्युरेटर, इग्निशनची वेळ आणि इंजिनचे आरोग्य यांचा खरा कस लागतो, आणि रस्त्यावर ट्रॅक्टरच्या पुढे निघताना उपयोगी पडतो तोही हाच पट्टा. वाऱ्याचा आणि उताराचा हिशेब चुकू नये म्हणून दोन्ही दिशांना धाव घेऊन सरासरी काढायची, आणि वेग डॅशबोर्डवरच्या स्मिथ्स कंपनीच्या वेगकाट्यावर नव्हे, तर फोनच्या जीपीएसवर पाहायचा, हेही ठरले. स्टॉपवॉच मालकांकडे होते.

वाँटिजहून दक्षिणेला हंगरफर्डकडे जाणारा ए-३३८ टेकडी चढून माथ्यावर आला, की मोकळा सरळ तुकडा मिळतो. पहिल्या धावेत पेडल दाबताच गाडी क्षणभर अडखळली, जणू दम धरून थांबली, आणि मग ओढू लागली. तसेच दुसऱ्या दिशेनेही झाले. मालक इग्निशनला दोष देऊ लागले. मला शंका आली ती कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटची, म्हणजे त्याच्या माथ्यावरच्या तेलाच्या नळीची. एसयूमध्ये पिस्टन वर उचलला जातो तो त्यातील तेलाच्या विरोधाला तोंड देत. तेल कमी असेल तर पेडल दाबताच पिस्टन झटकन वर जातो, पेट्रोल सोडणाऱ्या जेटवरची ओढ कमी पडते, आणि नेमके ज्या वेळी मिश्रण समृद्ध (जास्त पेट्रोलचे) हवे त्याच वेळी ते पातळ होते. थांबून टोप्या काढल्या तर पुढच्या डॅशपॉटमध्ये तेल जवळजवळ नव्हतेच. डिकीतल्या डब्यातले २० ग्रेडचे तेल घातले आणि पुन्हा धाव घेतली. अडखळणे गेले, आणि दोन्ही दिशांची सरासरी सुमारे दीड सेकंदाने घटून नऊच्या आसपास आली.

या इंजिनाची ओढ मला ओळखीची वाटली, आणि त्याला कारण आहे. ॲम्बॅसेडरचे १४८९ सीसी इंजिन बी-सिरीज या याच ब्रिटिश इंजिनांच्या कुळातले. लहानपणी काकांची ॲम्बॅसेडर खंबाटकीच्या घाटात गीअर न उतरवता जिद्दीने चढत राही, तीच जिद्द इथे मोठ्या सिलिंडरांत आणि निम्म्या वजनाच्या भासणाऱ्या गाडीत आहे. पहिल्या गीअरला सिंक्रोमेश (दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नसल्याने चौकात न थांबता तो टाकायचा तर डबल क्लच करावाच लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो.

परतताना ए-३४ च्या दुभाजकाच्या रस्त्यावर ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनच्या फेऱ्या कमी करणारा जादा गीअर) तपासला. ७० मैलांवर ३९०० च्या आसपास गुरगुरणारे इंजिन डॅशबोर्डवरचा खटका ओढताच ३१०० पर्यंत खाली आले, आणि प्रथमच आम्हाला ओरडल्याशिवाय बोलता आले. ब्रेक मात्र मला अजून पटलेले नाहीत: पुढे डिस्क असूनही सर्वो (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नसल्याने पाय बराच जोर मागतो, आणि ६० वरून जोरात थांबवताना गाडी किंचित डावीकडे ओढते. मालकांच्या मते तो टायरमधल्या हवेचा फरक आहे. माझ्या मते उजव्या बाजूचा कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा भाग) आळसावला आहे. पुढच्या रविवारी चाके काढून पाहायचे ठरले आहे, आणि तोपर्यंत गाडी गॅरेजमध्येच राहील.