पाणी बंद करून लघवी सुटायची थांबत नाही

नवरात्र जवळ आली की बडोद्यात चनिया-चोळीची मापं दिली जातात, आणि कित्येक बायका मनातल्या मनात ठरवून टाकतात : गरब्याच्या दिवशी दुपारनंतर पाणी बंद. दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही हेच. गिरकी घेताना थेंब सुटतात, त्यावर हा उपाय! पण पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, मूत्राशय चुरचुरतं, घाई वाढते. शिवाय पोट साफ होत नाही आणि कुंथून कुंथून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणखी ढिले पडतात. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी हवंच, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. तोडायचाच असेल तर चहा तोडा.

आधी आपला प्रकार ओळखा. खोकला, शिंक, उडी, भरलेली बादली उचलणं, नेमकं तेव्हाच सुटत असेल तर तळाचे स्नायू कमी पडताहेत. घराचं कुलूप उघडेपर्यंत धीर निघत नसेल तर मूत्राशय अवेळी आकुंचन पावतंय. अनेकींना दोन्ही असतं. हे कळणं महत्त्वाचं, कारण घाईवरच्या गोळ्या शिंकेच्या गळतीला उपयोगी पडत नाहीत.

तीन दिवस वही ठेवा : किती वाजता गेलात, मापाच्या मगात किती मिली भरली, कधी सुटली, आधी काय प्यायलात. दिवसा सात-आठ वेळा आणि रात्री एकदा उठणं ठीक. दर वेळी जेमतेम १०० मिली भरत असेल तर 'मंगळ बाजारात सोय नाही, आत्ताच जाऊन येते' ही सवयही नडत असू शकते.

आता व्यायाम. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा. चारचौघांत वारा अडवताना जे आवळतो ते आवळून आत आणि वर ओढा. सहा ते आठ सेकंद धरा (सुरुवातीला तीनच जमले तरी पुष्कळ), तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. असं ८ ते १२ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडून देणाऱ्याच जास्त.

चुकतं कुठे? श्वास रोखला जातो, नितंब आणि मांड्या आवळल्या जातात. सगळ्यात वाईट म्हणजे वर ओढण्याऐवजी खाली जोर दिला जातो. त्यानं अंग बाहेर येण्याचा त्रास वाढतो. हातआरशात बघा : योनी आणि गुदद्वारामधला भाग आत ओढला गेला पाहिजे, फुगला तर पद्धत चुकतेय. लघवी मध्येच अडवून सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. शिंक येणार असं वाटताच आधी आवळायची सवय लावा. गरब्याच्या प्रत्येक उडीला ते जमणार नाही, शिंकेला जमतं.

घाई होते त्यांनी पळत सुटू नये. थांबा, बसा, चार-पाच वेळा झटपट आवळा, कळ ओसरली की चालत जा. तासाला जात असाल तर सव्वा तास करा आणि दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा. सहा आठवडे तरी द्या.

योनीमार्गे बाळंतपण, वाढलेलं वजन, पाळी जाणं, जुनाट खोकला, मधुमेह ही नेहमीची कारणं. सिझर झालं म्हणजे सुटका झाली असं नाही, धोका कमी होतो इतकंच. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरल्यावरही गळती कमी होते. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर वेळ बदलायचं डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका.

लघवीत रक्त, जळजळीसोबत ताप, खाली गाठीसारखं काही लागणं, लघवी तुंबणं, यांतलं काहीही असेल तर व्यायामावर वेळ घालवू नका. लघवी अजिबात होत नसेल किंवा मांड्यांमध्ये अचानक बधिरपणा आला तर त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा. एरवी सयाजी हॉस्पिटलची स्त्रीरोग ओपीडी आहेच. वही सोबत न्या आणि लघवीची व साखरेची तपासणी सांगतील, ती आधी करून घ्या.