लेकीची सही

गेल्या वर्षी जूनमध्ये मुक्ताला लातूरला सोडून आले. अकरावी सायन्स, नीटची तयारी, होस्टेल, मेस. अंबाजोगाईहून लातूर काही फार लांब नाही, पण सोळा वर्षांची पोर पहिल्यांदा घराबाहेर राहणार होती. निघताना तिच्या हातात दोन हजार रुपये रोख ठेवले आणि मला वाटलं, महिन्याची सोय झाली.

आठ दिवसांत तिचा फोन आला. "आई, इथं कुणाकडंच सुट्टे नाहीत गं. झेरॉक्सवाले, रिक्षावाले, चहावाले, सगळे स्कॅन कर म्हणतात. मी प्राचीदीदीच्या फोनवरून देते आणि तिला रोख देते." प्राची तिची रूममेट. नीटची दुसऱ्यांदा तयारी करणारी, एकोणीस वर्षांची, त्यामुळे तिच्याकडे सगळं होतं. दुसऱ्याच्या लेकीच्या खात्यातून माझ्या लेकीचा चहा चाललाय, हे माझ्या मनाला पटेना.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. काउंटरवर क्यूआर कोड आहे, पैसे आले की छोटा स्पीकर बोलतो. यूपीआय मला नवीन नाही. म्हणून मी मुक्ताला म्हणाले, तूही ॲप घे की. तेव्हा कळलं की घेणं इतकं सरळ नाही. यूपीआयला मागे बँक खातं लागतं, त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर लागतो आणि तो नंबर असलेलं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं. मुक्ताचं स्वतःचं खातं नव्हतं. सिमसुद्धा तिच्या पप्पांच्या नावावर, कारण अठराच्या आतल्या मुलांना सिम मिळत नाही.

पहिला उपाय घरातच सुचला: माझं सिम तिच्या फोनमध्ये टाकायचं. एक रात्र मी खरंच तो विचार केला. पण माझ्या दुकानाचे पैसे त्याच नंबरच्या खात्यात येतात. ते सगळं खातं, शिलकीसकट, तिच्या फोनवर उघडं राहिलं असतं आणि पिनही तिला सांगावा लागला असता. फोन चोरीला गेला तर? रात्री अकराला कुणी गोड बोलून तिच्याकडून पिन काढून घेतला तर? मी सकाळी नाही म्हणून सांगितलं.

दुसरा उपाय माझ्या भाच्याने केला, मला न विचारता. त्याने मुक्ताच्या फोनवर एक वॉलेट उघडून दिलं आणि जन्मसाल टाकलं 2006. तिचं खरं साल 2009. त्यात 1,800 रुपये भरले. दहा-बारा दिवस झेरॉक्स, वह्या, रिक्षा असं ठीक चाललं. मग वॉलेटने पूर्ण केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, मागितली. आधारवरची जन्मतारीख आणि भरलेली जन्मतारीख जुळेना, आणि उरलेले अकराशे रुपये आत अडकले. मी ग्राहक सेवेला लिहिलं, खरं काय ते कबूल केलं, तिच्या आधारची प्रत जोडली. पैसे ज्या खात्यातून भरले होते तिथे परत यायला तीन आठवडे गेले. अकराशे रुपये म्हणजे माझ्याकडे दोन ब्लाउजांची शिलाई. पण त्याहून जास्त मला लागलं ते मुक्ताचं बोलणं: "आई, सगळ्या मुली असंच करतात." मी तिला सांगितलं, यापुढे कुठल्याही कागदावर तुझी तारीख तीच लिहायची जी जन्मदाखल्यावर आहे. कारण नावाची स्पेलिंग आणि जन्मतारीख एकदा दोन ठिकाणी वेगळी पडली की नीटच्या फॉर्मपासून पासपोर्टपर्यंत ते भूत मागे लागतं. माझ्या दुकानात येणाऱ्या कितीतरी बायकांचं हे झालेलं मी पाहिलंय.

त्याच सुमारास कॉलेजने शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं, आधार सीडिंग केलेलं, म्हणजे सरकारी पैसे येण्यासाठी आधारशी जोडलेलं, बँक खातं मागितलं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे पैसे थेट तिथेच येतात. तेव्हा ठरलं, खातं उघडायचंच.

इथे मला आमच्या वकील मॅडमचं ऋण सांगितलं पाहिजे. त्या माझ्याकडून ब्लाउज शिवून घेतात. माप देता देता मी त्यांना विचारलं, मुलांना हे ॲपवाले अठरा वर्षांपर्यंत का अडवतात? त्या म्हणाल्या, "ताई, ॲपमध्ये आपण 'मान्य आहे' दाबतो तो करार असतो. 1872 च्या करार कायद्यानुसार करार सज्ञान माणसानेच करायचा. आणि सज्ञान म्हणजे अठरा पूर्ण, हे 1875 च्या कायद्यात आहे. 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, सांगितलं की अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाने केलेला करार मुळातच रद्द. म्हणजे उद्या मुक्ताच्या नावावर कुणी कर्ज काढायला लावलं तर ते तिच्याकडून वसूल करता येणार नाही. ही भिंत तिच्या बाजूने बांधलेली आहे." मी त्या दिवसापर्यंत तिला अडवणूकच समजत होते.

मग त्यांनीच सांगितलं की खातं उघडायला मात्र अठरापर्यंत थांबायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2025 ला परिपत्रक काढलं. पालकामार्फत कुठल्याही वयाच्या मुलाचं बचत खातं उघडता येतं, आणि 10 वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँकेने ठरवलेल्या मर्यादेत ते स्वतः चालवताही येतं. 1 जुलै 2025 पर्यंत बँकांनी आपले नियम त्याप्रमाणे करायचे होते. कार्ड, चेकबुक, नेटबँकिंग द्यायचं की नाही ते बँकेवर सोडलंय. खात्यात उणे शिल्लक मात्र कधीच होऊ द्यायची नाही.

मुक्ता राखीला घरी आली. 9 ऑगस्ट, दुसरा शनिवार, बँक बंद. सोमवारचे क्लास बुडवून ती थांबली. आम्ही दोघी सकाळी साडेदहाला शाखेत. काउंटरवरच्या साहेबांनी फॉर्म पाहिला आणि म्हणाले, "पालक म्हणून वडिलांची सही लागेल. त्यांना घेऊन या." आमचे हे ट्रकवर, त्या आठवड्यात हैदराबादच्या पुढे. मी म्हणाले, आई आहे ना समोर. ते म्हणाले, पद्धत तशीच आहे.

मला घाम फुटला होता, खरं सांगते. पण वकील मॅडमनी मला आधीच तयार करून पाठवलं होतं. आईला पालक धरून खातं उघडायची मुभा रिझर्व्ह बँकेने 1976 सालीच दिली आहे, हे मी सांगितलं. नव्या परिपत्रकातही आईचा उल्लेख आहे, तो मोबाइलवर काढून दाखवला. मॅडमनी अजून एक गोष्ट सांगितली होती. गीता हरिहरन यांनी नवऱ्याबरोबर मुलाच्या नावे रिलीफ बाँडसाठी अर्ज केला होता आणि पालक म्हणून सही आईची होती. रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागत तो परत पाठवला. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1999 मध्ये न्यायालयाने 1956 च्या पालकत्व कायद्यातल्या 'वडील, आणि त्यांच्यानंतर आई' या शब्दांचा अर्थ लावला: 'नंतर' म्हणजे वडील वारल्यावरच असं नव्हे, ते हजर नसतील, लक्ष देत नसतील तेव्हाही आई पालकच आहे. हे काउंटरवर बोलायची वेळ आली नाही. साहेब आत जाऊन मॅनेजर मॅडमना विचारून आले आणि फॉर्म घेतला. पण ती गोष्ट मला आठवत होती म्हणून माझा आवाज बसला नाही.

अडलं पुढच्याच पायरीवर. अंगठ्याच्या मशीनवर मुक्ताचं बोट चार वेळा ठेवलं, चारही वेळा नकार. तिचे ठसे ती लहान असताना घेतलेले. पाचव्या आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ठसे, बुबुळ नव्याने द्यायचे असतात, हे आम्हाला माहीत असून आम्ही दहावीच्या गडबडीत टाळलं होतं. ज्यांच्या घरी पंधरा-सोळाचं मूल आहे त्यांनी आधी हे काम करून घ्यावं. या वयातलं ते पहिलं अपडेट मोफत असतं. आम्ही तिथून थेट आधार केंद्रात गेलो, टोकन घेऊन अडीच तास बसलो.

खातं शेवटी महालक्ष्म्यांच्या सुट्टीत झालं, 3 सप्टेंबरला. सोबत तिचं आणि माझं आधार, माझं पॅन, तिचा जन्मदाखला, दोघींचे फोटो. साहेबांनी विचारलं, खातं तुमच्या सहीने चालवायचं की हिच्या? माझ्या सहीचं घेतलं तर मर्यादा जास्त होती. मुक्ता माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, हिच्या. तिने नमुना सहीच्या चौकटीत मराठीत 'मुक्ता' लिहिलं, अक्षर जरा थरथरलं. साहेब म्हणाले, "हीच सही कायम करायची बरं का, बाळा." आधार सीडिंगचा अर्ज मी तिथेच भरून दिला, कारण नुसतं आधार खात्याला लिंक असून भागत नाही, अनुदानाचे पैसे शेवटी जिथे सीड केलं त्याच बँकेत जातात.

डेबिट कार्ड मिळालं, रोजची मर्यादा ठरवून. पण यूपीआय? "आमच्याकडे अठरा पूर्ण झाल्यावर." आणि चौदा रुपयांच्या झेरॉक्सला कार्ड कोण घेतं? एवढं करूनही मूळ अडचण होती तिथेच.

ती सुटली यूपीआय सर्कलने. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने हे 2024 च्या ऑगस्टमध्ये आणलं. खातं माझं, पिन माझा, फोन तिचा. मी मुख्य, ती दुय्यम. मुख्य माणूस पाच जणांपर्यंत जोडू शकतो, पण दुय्यम माणसाला एकाच मुख्याशी जोडून घेता येतं. तिचा नंबर हाताने टाइप करून चालत नाही, तो माझ्या फोनबुकात असावा लागतो किंवा तिचा कोड स्कॅन करावा लागतो. यात दोन प्रकार आहेत. एकात ती स्कॅन करते, रक्कम टाकते, विनंती माझ्या फोनवर येते आणि मी पिन टाकला की पैसे जातात. दुसऱ्यात मी आधीच मर्यादा ठरवून देते, मग दर वेळी मला विचारायचं कारण नाही. त्यात महिन्याला जास्तीत जास्त 15,000 आणि एका वेळी 5,000. सगळ्या ॲपमध्ये दोन्ही प्रकार असतात असं नाही, मला माझं ॲप त्यासाठी बदलावं लागलं.

सुरुवात आम्ही पहिल्या प्रकाराने केली. मला वाटलं, बरं आहे, कशावर खर्च होतो ते दिसेल. पण मी मशीनवर असते, फोन गल्ल्यात. ती तिकडे झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी, मागे दहा मुलं, आणि विनंतीची वेळ उलटून जायची. एकदा ती मेडिकलमध्ये होती. पोटात दुखत होतं, गोळ्या आणि पॅड घ्यायचे होते, आणि मी गिऱ्हाइकाचं माप घेत होते. त्या दिवशी संध्याकाळी ती फोनवर काही बोलली नाही, पण आवाजावरून कळलं. सोळा वर्षांच्या मुलीने प्रत्येक वस्तू आईच्या बोटाखालून न्यावी, हे मला नको होतं. डिसेंबरात तिला दुसऱ्या प्रकारात घेतलं. नातं आणि ओळखपत्र भरून द्यावं लागलं. मर्यादा महिन्याला तीन हजार ठेवली. मेसचे आणि होस्टेलचे पैसे मी इथूनच भरते. खर्च झाला की मला मेसेज येतो, मी तो रात्री बघते, आणि विचारत नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला बसवून विचारली. क्लासमधल्या एका मुलाला कुणीतरी सांगितलं होतं, तुझं खातं आणि कार्ड आम्हाला वापरायला दे, महिन्याला पाच हजार देऊ. मुक्ताने ते सहज सांगितलं, जणू सायकल भाड्याने द्यावी. माझ्या पोटात गोळा आला. फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरवले जातात. पोलीस आधी खातेदाराकडे येतात, खातं गोठतं, आणि त्यात शिष्यवृत्तीही अडकते. तिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला मी 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लिहून चिकटवून आले. तिच्या रूममधल्या दोघींनीही तो वहीत उतरवून घेतला. त्या मुलाच्या आईचा नंबर मिळवला आणि त्यांनाही फोन केला. त्या बिचाऱ्या रडायला लागल्या, पण मुलाने कार्ड दिलं नव्हतं.

शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता फेब्रुवारीत जमा झाला. तिने त्यातले पाचशे एटीएममधून काढले, प्राचीला जेवायला नेलं आणि रोखीने बिल दिलं. प्राचीच्या खात्यातून झालेल्या त्या सगळ्या चहांसाठी.

येत्या जानेवारीत मुक्ता अठरा पूर्ण करेल. त्या दिवसापासून तिला बँकेत जाऊन सज्ञान खातेदार म्हणून नवी केवायसी आणि सहीचा नवा नमुना द्यावा लागेल. ते होईपर्यंत व्यवहार थांबू शकतात, असं साहेबांनी आधीच सांगून ठेवलंय. बारावीची परीक्षा तोंडावर असेल, म्हणून तिचं पॅन आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीतच काढून घेतलं. परवा ती घरी आली तेव्हा पाकिटात कागद लावत होतो. तिने पेन घेतलं आणि रद्दी कागदावर सही करून पाहिली. आता ती आडनावासकट करते, एका दमात, पेन न उचलता. मी म्हटलं, साहेबांनी तीच सही कायम ठेव म्हणून सांगितलं होतं ना? ती म्हणाली, "ती लहानपणची होती आई. नवा नमुना मागतायत ना? मग ही देईन."