व्हिएन्नात ऑपेरा बघा, पण उभं राहून

‘व्हिएन्ना महाग आहे, विद्यार्थ्यांना परवडणारं नाही,’ असं इथे म्युनिकमध्ये आमच्या मराठी ग्रुपवर कुणी लिहिलं की मला राहवत नाही. शहर श्रीमंत आहे, खरंच आहे. पण तिथल्या ऑपेरातली माझ्या मते सगळ्यात भारी जागा सगळ्यात स्वस्त तिकिटांत मिळते. फक्त उभं राहायची तयारी हवी.

श्टाट्सओपर हे तिथलं सरकारी ऑपेरागृह 1869 सालचं. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, 1955 मध्ये पुन्हा उघडलं. चांगल्या खुर्चीला दोनशे युरोंच्या वर मोजावे लागतात. उभ्याचं तिकीट वीस युरोंच्या आत. ते प्रयोगाच्या दिवशीच मिळतं. खिडकी 80 मिनिटं आधी उघडते, रांग त्याच्या बरीच आधी लागते. ‘पार्टेर’ मागा. खालच्या खुर्च्यांच्या मागे, मधोमध, थेट रंगमंचासमोर. आत गेल्यावर कठड्याला स्कार्फ बांधायचा, की जागा तुमची. खुशाल फिरून या, कुणी हात लावत नाही. मला हे शेजारच्या आजींनी शिकवलं. कठड्यावरच्या छोट्या स्क्रीनवर इंग्रजी भाषांतरही त्यांनीच लावून दिलं. सवाईला भारतीय बैठकीत लवकर येऊन जागा धरणारे जाणकार असतात ना, अगदी तशा.

त्या रात्री पुच्चिनीचा ‘तोस्का’ हा ऑपेरा होता. श्टाट्सओपरमध्ये 1958 पासून त्याची मांडणी तीच आहे. दुसऱ्या अंकात नायिका तोस्का पोलीसप्रमुखाला भोसकते आणि लगेच पळत नाही. त्याच्या मृतदेहाच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवते. गाणं थांबलेलं, फक्त वाद्यवृंद. आजींनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. त्यांनी हे आजवर कितीदा पाहिलं असेल, कोण जाणे!

जेवण मी आधीच उरकलं होतं, ‘दीवान’मध्ये. पाकिस्तानी जेवण, हवं तेवढं वाढून घ्या, द्यावेसे वाटतील तेवढे पैसे द्या. डाळभात होता, म्हणून मी व्यवस्थित पैसे दिले. तुम्हीही द्या, अशी जागा टिकायला हवी.

शुक्रवार-शनिवारी यू-बान, म्हणजे तिथली मेट्रो, रात्रभर चालते, त्यामुळे टॅक्सीचा खर्च नाही. ऑपेरानंतर मेट्रोची यू-सहा लाइन गाठून गुर्टेल या रिंगरोडला जा. ओटो वाग्नर या वास्तुविशारदाने बांधलेल्या जुन्या रेल्वेमार्गाच्या विटांच्या कमानींखाली ‘चेल्सी’, ‘रिझ’, ‘बी-बहात्तर’ असे छोटे क्लब आहेत. डोक्यावरून गाडी जाते, खाली बँड वाजत असतो. मध्यवस्तीतल्या चकचकीत बारपेक्षा मला हे कितीतरी आवडलं.

आणि पाणी विकत घेऊ नका. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, 1873 पासून.

आईबाबा येणार असतील आणि त्यांना उभं राहणं झेपणार नसेल, तर मे-जून किंवा सप्टेंबर धरा. तेव्हा बऱ्याच रात्री आतला प्रयोग बाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर फुकट दाखवतात. खुर्च्याही मांडलेल्या असतात.